निशिकांतरावांचा सत्कार

निशिकांत दाभाडे जहाजदुरुस्तीच्या यार्डात अकाउंटंट होते, पण सिंगापूरची मराठी मंडळी त्यांना ओळखायची ती त्यांच्या खाकरण्यावरून. आधी घसा साफ, मग चष्मा कपाळावर, मग "तर मंडळी, आपण आत्ता उभे आहोत कुठे?" उत्तर कुणी द्यायचं नसायचं. दर जानेवारीत मंडळाची सेम्बावांगची सहल निघे आणि निशिकांतराव पुढे: एमआरटी स्टेशनापासून आरमाराच्या जुन्या तळाकडे, काळ्या-पांढऱ्या साहेबी बंगल्यांवरून, थेट समुद्रापर्यंत. कॅनबेरा, वेलिंग्टन ही रस्त्यांची नावं ते अशा ऐटीत सांगत, की वाटावं त्यांचं बारसं हेच जेवलेत.

सगळ्यात जास्त ते रेंगाळत एका मोकळ्या गवतापाशी. गोदीतल्या मजुरांच्या खोल्या तिथे होत्या म्हणे. आता नुसतं एक झाड. "इथे भिंत. इथे नळ. नळावर भांडणं व्हायची बरं का, अगदी आपल्यासारखी." हे सांगताना त्यांचा आवाज ओला व्हायचा. लोकांचा जीव मात्र पुढच्या गरम पाण्याच्या झऱ्यात अडकलेला. तिथे पिशवीतली अंडी उकडायची असत.

"बाबा, सगळे एग्जसाठी येतात लाह," त्यांची गार्गी सिंगापुरी हेल काढत म्हणायची.

"येऊ देत. ऐकून तर घेतात?"

"नो चॉइस लाह. रस्ता तुम्हालाच माहीत."

दोन हजार सहा साली मंडळाच्या अध्यक्ष शैलाताईंचा फोन आला. स्वर पाकात घोळलेला. "निशिकांतजी, यंदा सहलीआधी तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ, सगळं साग्रसंगीत." निशिकांतराव त्याच संध्याकाळपासून आरशासमोर भाषण घासू लागले.

स्मिताने कणीक मळता मळता विचारलं, "अहो, आपल्यात सत्कार केव्हा करतात? माणूस हलवायचा असला की."

"सत्कार आहे, स्मिता. श्राद्ध नाही."

"फरक एवढाच, की सत्काराला माणूस स्वतः हजर असतो."

ते पुन्हा आरशाकडे वळले.

स्टेशनाबाहेर, घामाने अंग निथळत असताना, त्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल पडली. हातात नारळ. निशिकांतरावांनी घसा साफ करायला घेतला, तोच शैलाताई म्हणाल्या, "दगदग फार केली हो यांनी. आता ते आपले ज्येष्ठ मार्गदर्शक. यंदापासून वाट दाखवतील प्रबोध."

प्रबोध म्हणजे दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला आयटी मॅनेजर. कमरेला स्पीकर, तोंडाशी माइक. दिवाळीनंतर तीनदा घरी येऊन, स्मिताच्या हातचे पोहे खाऊन, त्याने सगळी माहिती उतरवून नेली होती. "बॅकअप असावा काका, दुसरं काही नाही."

आता बॅकअप खाकरला. चष्मा कपाळावर चढवला. "तर मंडळी, आपण आत्ता उभे आहोत कुठे?"

हुबेहूब. लोक खदखदून हसले, टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं मूळ प्रतीला कुणी एक टाळी वाजवली नव्हती. भाषण घशातच राहिलं.

निशिकांतराव शेवटच्या रांगेत चालू लागले. बंगले आले, तेव्हा प्रबोधने त्यांचीच वाक्यं त्यांच्याच जागी थांबत म्हटली. गवत आलं.

"हे स्किप करू या," स्पीकर म्हणाला. "झरा आधी, नाहीतर ऊन वाढेल."

एकही पाय अडखळला नाही. शैलाताईंचा तर नाहीच. निशिकांतराव तेवढे झाडाखाली उरले.

मागून एक मुलगी छत्री सावरत धावत आली. क्षिप्रा, मंडळात नवीन, ट्रेन चुकलेली. ती धापा टाकत थांबली, गवताकडे बघत राहिली. "काका, इथे पूर्वी काहीतरी असणार ना? हा चौकोनी उंचवटा आपोआप नाही आलेला."

इतक्या सहलींत हे कुणी विचारलं नव्हतं. भिंत, नळ, भांडणं, सगळं त्यांच्या जिभेवर येऊन उभं राहिलं.

"मला काही ठाऊक नाही," ते म्हणाले. "पुढे माइकवाले आहेत, त्यांना विचारा."

"थँक यू हं," म्हणत ती पळाली. त्यांना बरं वाटलं. पोरगी वळणाआड जाईपर्यंतच.