आधीच वाटलेली साखर

मला मूल झालं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, नाहीतर अशा आठवणी वाचणारी माणसं शेवटच्या ओळीत पाळणा हलायची वाट बघत बसतात. पाळणा हलला नाही. तब्येत उत्तम आहे, नवरा अजून ढोलकी वाजवतो, आणि मी अजून दर रविवारी देवळात जाते. हे शेवटचं मात्र एका वर्षी अगदी थोडक्यात वाचलं. त्याचीच ही हकीकत.

माझं माहेर जालना शहरातलं आणि सासर कुंभार पिंपळगावपासून थोडं आत, एका खेड्यात. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन मी तिथं गेले. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि तेवढ्या घरांचं मिळून एक पत्र्याचं देऊळ. चर्च वगैरे शब्द शहरात. गावात सगळे देऊळच म्हणायचे. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तालुक्याच्या गावाहून महिन्यातून एकदा एसटीनं यायचे. बाकीच्या रविवारी आम्ही आमचे आमचेच. नवरा ढोलकी धरायचा, कुणीतरी पवित्र शास्त्र वाचायचं आणि सासूबाई सगळ्यांवर नजर ठेवायच्या.

उपासनेत आभारांची एक वेळ असे. ज्याचं काही भलं झालं असेल त्यानं उठून सांगायचं. म्हैस सुखरूप व्याली, पोरगा दहावी पास झाला, म्हाताऱ्याचा ताप उतरला. सांगून झालं की त्या घरची चिमूटभर साखर सगळ्यांच्या तळहातावर. साखर मिळाली म्हणजे बातमी पक्की, असा तो रिवाज. त्यानंतर विनंत्यांची वेळ, आणि त्या वेळेची कायमची मानकरी मी. मी स्वतः काही बोलायची नाही. माझ्यासाठी सासूबाई बोलायच्या. दर रविवारी उठायच्या, डोळे मिटायच्या, आणि डोळे मिटलेले असतानाही माझ्याकडे बराबर बोट दाखवून म्हणायच्या, "प्रभू, या आमच्या सूनबाईची कूस उजव." देव चुकून भलत्याच सुनेला देईल अशी त्यांना भीती असावी. मी पदर पुढं ओढून जमिनीकडे बघत बसायची.

वर्षं गेली. जालन्याचे डॉक्टर झाले, औरंगाबादचे झाले. दोघांच्याही तपासण्या झाल्या आणि दोघांतही काही दोष नाही असं निघालं, म्हणजे रागवायलाही कुणी उरलं नाही. मग मी देवावर रागावले. तोंडानं कबूल करत नव्हते, पण रागावले होते. ती एक गोष्ट सोडून मी बाकी सगळं मागायची. पाऊस मागायची, नवऱ्याची बदली लांब होऊ नये म्हणून मागायची. पण मूल मागणं मी केव्हाच बंद केलं होतं. एकदा नाही म्हटलेल्या दारात परत हात पसरायचा माझा स्वभाव नाही. लहानपणी शेजारणीकडे विरजण मागायलासुद्धा मी धाकट्या बहिणीला पाठवायची. मला भीती एवढीच वाटत होती की हे एक न मागणं हळूहळू बाकीच्या मागण्यांनाही लागेल, आणि एक दिवस मी फक्त ढोलकीवाल्याची बायको म्हणून देवळात जाऊन बसेन.

अशात एका रविवारी पाळकसाहेबांनी विश्वासावर उपदेश केला. मागितलेलं मिळालंच आहे असं धरून चाला आणि आधीच आभार माना, असं त्यांनी छान समजावून सांगितलं. मंडळींनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन विसरून गेली. सासूबाई विसरल्या नाहीत. त्या कुठलाच उपदेश विसरत नसत, हीच मोठी पंचाईत होती.

पुढच्या रविवारी मी घरीच होते. आदल्या दिवशी बाजारातली भजी खाल्ली होती आणि सकाळपासून मोरीत उलट्या चालल्या होत्या. माय-लेक दोघंच देवळात गेली. उपासना सुटायच्या वेळेला नवरा ढोलकी गळ्यात तशीच अडकवून धावत घरी आला.

"मला आधी सांगायला काय झाल्तं तुला?" तो धापा टाकत म्हणाला.

"काय सांगायचं?"

"आई सांगून राह्यली सगळ्यांना. साखर वाटली तिनं देवळात!"

मला काही कळेना, आणि उत्तर द्यायच्या आत परत मळमळलं म्हणून मी मोरीकडे पळाले. नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याच्या दृष्टीनं आता पुरावाही मिळाला होता.

नंतर खुलासा झाला तो असा. आभारांच्या वेळी सासूबाई उठल्या आणि त्यांनी ठणकावून सांगितलं, की प्रभूनं माझ्या सुनेच्या पोटी लेकरू दिलं म्हणून मी त्याचे आभार मानते. मग पदराखालून डबा काढला आणि चिमूट नव्हे, मूठमूठ साखर वाटली. सून घरी का, असं कुणीतरी विचारलं. सासूबाईंना खोटं बोलता येत नसे. त्या म्हणाल्या, तिला उलट्या होऊन राह्यल्यात. झालं. यापुढे मंडळींना अजून काय पाहिजे होतं?

मी तोंड धुऊन बाहेर येते तोवर अंगणात बायका. ख्रिस्ती बायका तर होत्याच, पण बातमीला धर्म नसतो. शेजारच्या पाटलीणबाई कैरीच्या लोणच्याची अख्खी बरणी घेऊन आल्या. आमच्या शाळेतले दुसरे गुरुजी बौद्ध, त्यांच्या घरून चिंच आली आणि वर मुरमुऱ्याचा चिवडा. पाटलीणबाईंनी माझ्या हातातला तांब्यासुद्धा काढून घेतला. "वझं उचलायचं न्हाई बिलकुल," म्हणाल्या. "आता तू एकटी न्हाईस."

मी सगळ्यांना तिथल्या तिथं थांबवायला हवं होतं. पण त्या एका दुपारी सगळं गाव माझ्यामुळे खूश होतं, आणि मला ते आवडलं. खूप आवडलं. चूल बंद, पाय खाटेवर, आणि माझ्यासाठी कुणीतरी चिंच निवडतंय. थोडा वेळ मलाच वाटलं, काय सांगावं, भजी नसतीलही.

बायका गेल्यावर मी सासूबाईंना समोर बसवलं. "आत्याबाई, तुम्हाला कुणी सांगितलं मला दिवस गेलेत म्हणून?"

"कुणी न्हाई." त्या शांतपणे म्हणाल्या. "पाळकसाहेबच म्हन्ले ना, मिळालंच म्हणून आभार माना. मी मानले."

"आणि साखर कशाला वाटली?"

"साखरेबिगर आभार कसे मानायचे?"

मला आधी संताप आला, मग नवऱ्याचा पडलेला चेहरा दिसला, मग मोरीतल्या भज्यांची आठवण झाली आणि मला हसू फुटलं. इतकं की खाट करकरायला लागली. नवराही हसला, सासूबाईही हसल्या, आपण का हसतोय हे न कळता. रात्री मात्र मी उशीत तोंड घालून रडले. अर्ध्या दिवसाची का होईना, मी आई होऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी नवरा घरोघर जाऊन खरं काय ते सांगून आला. मी लोणच्याची बरणी परत द्यायला पाटलीणबाईंकडे गेले, तर त्या माझ्यावरच चिडल्या. "लोणचं काय पोटुशीनंच खायाचं असतं का? ठिव घरात. पोटभर खा." चिंचसुद्धा कुणी परत घेतली नाही. पुढं कितीतरी दिवस आमच्या घरात आमटी आंबटच होती.

त्यानंतरच्या रविवारी देवळात जरा अवघडलेपण होतं. आभारांच्या वेळी कुणी फारसं उठलं नाही. विनंत्यांच्या वेळी सासूबाई उठल्या. त्यांनी पाऊस मागितला, कुणाच्या पायाचं दुखणं बरं व्हावं म्हणून मागितलं, पाटलीणबाईंच्या आजारी बैलासाठीसुद्धा मागितलं. आणि खाली बसल्या.

मी डोळे उघडून बघितलं. बोट नाही, सूनबाई नाही, काही नाही. वर्षानुवर्षं ज्या प्रार्थनेनं माझी मान खाली जायची ती आज झालीच नव्हती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी टाकून दिल्यासारखं वाटलं. मी मागणं सोडलं तेव्हा इतकी निर्धास्त कशी राहू शकले, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझ्या वाटचं कुणीतरी मागत होतं म्हणून.

घरी जाताना मी फणकाऱ्यानं म्हटलं, "आत्याबाई, आज माझं राहिलं."

त्या रस्त्यातच थांबल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा असा उतरलेला पाहिला नव्हता. "तुला तरास होतो, पोरी. मला उशिरा समजलं. गावात हसं केलं मी तुझं. आता न्हाई मागायची."

"त्रास होतोच," मी म्हणाले. "पण बैलासाठी मागता आणि मला सोडता होय?"

"मंग काय करू? तूच सांग."

मी पुढं चालू लागले. एसटीच्या थांब्यापर्यंत त्या मागून आल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "तू माग की. मी तुझ्या बाजूला बसते."

सगळा आठवडा मी स्वतःशीच भांडत होते. पुन्हा मागायचं म्हणजे पुन्हा आशा धरायची, आणि आशेनं मला किती दमवलं होतं हे मलाच ठाऊक. पण न मागता गप्प बसण्यानं तरी मला कुठं विसावा मिळाला होता?

रविवारी विनंत्यांची वेळ आली. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले. पदर पुढं ओढला नाही. शब्द सुचत नव्हते, म्हणून सरळच बोलले. "देवा, मला लेकरू पाहिजे. तू देत नाहीस. का देत नाहीस, मला कळत नाही, आणि मला तुझा राग येतो. तरी मी आज परत मागायला आलेय."

एवढं बोलून मी श्वास घ्यायला थांबले, तोच सासूबाईंनी सगळं देऊळ दणाणेल असं "आमेन!" ठोकून दिलं. नवऱ्यानं ढोलकी उचलली, मंडळी गायला सरसावली.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्याबाई, थांबा जरा," मी म्हणाले, "माझं अजून संपलं नाही." आणि पुढं बोलू लागले.