पैलतीरावरचं संत्रं

तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. ओळखीच्या माणसाला हे सांगायची हिंमत मला कधी झाली नाही — बायकोला नाही, मित्रांना तर नाहीच. आज दुपारी मुलाला सांगितलं. पण ते कसं सांगितलं, तेही ऐका. शहाणपण म्हणून नाही सांगितलं.

नागपूरच्या ज्या कॉलेजात मी शिकलो, तिथं पोरांची एक संघटना आहे — ‘पैलतीर’. कागदावर ती कुठंच नाही. पण होस्टेलात पाय ठेवल्याबरोबर प्रत्येक पोराला ती ठाऊक होते. तिची गोष्ट अशी सांगतात की संस्थापकानं भर पाण्यात कन्हान नदी पोहून पार केली, पलीकडच्या बागेतलं संत्रं पानासकट तोडलं आणि तिथून हात उंच करून दाखवलं.

तो संस्थापक मी.

सुरुवात तशी साधी होती. आम्ही होस्टेलातली चार खेड्यातली पोरं. सीनियर आमच्याकडून कपडे धुवून घ्यायचे, मेसमध्ये ताटासमोरून उठवायचे. विनोद म्हणाला, आपण एकत्र राहिलो तर कोणी हात लावणार नाही. खरंच होतं. पण मग म्होरक्या कोण? त्यावरून शेखी सुरू झाली, आणि मी बोलून गेलो, मी कन्हान पोहून दाखवतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. पोहता मला येत होतं — विहिरीत. विहीर आणि नदी यांत काय फरक असतो, ते मला कुठं माहीत?

दिवाळी नुकतीच झाली होती. तिघे घाटावर थांबले. मी म्हटलं, मी वरच्या वळणापासून उतरतो. वळण घाटावरून दिसत नाही — म्हणूनच म्हटलं का? आता आठवत नाही, आणि आठवत नाही हेही कदाचित खोटं असेल. कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि खालून पाय ओढला गेला. वर पाणी कसं शांत, आरशासारखं. आणि खाली कोणीतरी पोटरी धरून खेचावं तसं. मी हातापायावर रांगत बाहेर आलो. काठावर बसून रडलो. मग कपडे घातले, आणखी वरच्या पुलावरून चालत पलीकडे गेलो, रस्त्यावर एक बाई टोपलं घेऊन बसली होती, तिच्याकडून एक पानवालं संत्रं घेतलं. कपडे झुडपात ठेवले, अंग भिजवलं, घाटासमोरच्या काठावर आलो आणि हात वर केला.

पलीकडून तिघे नाचत होते. नावाड्याच्या डोंग्यातून परत आलो तर विनोदनं विचारलं, "कुठून गेला बे? पाय नाही लागत म्हणते मधात."

इथंच थांबलो असतो तर ते एक पोरकट खोटं राहिलं असतं. पण मी म्हणालो, "वळणापाशी उतरायचं गा. तिथं पाणी शांत आहे."

कळलं ना मी काय केलं? ज्या जागेनं मला जवळजवळ गिळलं होतं, तीच जागा मी वाट म्हणून दाखवली. दुसरी कुठली मला ठाऊकच नव्हती.

पुढच्या वर्षी ज्युनियर आले. त्यांना आत घ्यायचं तर कसोटी हवी, आणि कसोटी तयारच होती. दिवाळीनंतरचा रविवार, वळण, पैलतीर, संत्रं. चाराचे वीस झाले, विसाचे शंभर. टी-शर्ट आले. पैलतीरवाला पैलतीरवाल्याला नोकरीला लावतो. मलाही तशीच लागली. दरवर्षी मनीषनगरच्या एका लॉनवर मेळावा भरतो, मला शाल-श्रीफळ देतात आणि मी ती गोष्ट सांगतो. दरवर्षी नदी थोडी रुंद होते. एकदा तर पूरच आणला होता मी. लोक टाळ्या वाजवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हेमंत नावाचा एक पोरगा त्या वळणावर बुडता बुडता वाचला. जाळं टाकणाऱ्या भोयानं केसाला धरून काढला. मी काठावर होतो, खास पाहुणा म्हणून. तो ओकत होता, थरथरत होता, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, खालून ओढते नं तिथं." मला ठाऊक होतं. सगळ्या काठावर फक्त मला एकट्याला ठाऊक होतं. मी म्हणालो, "भीती पाण्यात नसते, मनात असते." पोरांना ते इतकं आवडलं की टी-शर्टवर आलं. हेमंतला संघटनेत घेतलं नाही. वर्ष संपायच्या आत त्यानं कॉलेज सोडलं. त्यानंतर माझी झोप गेली ती गेलीच.  वळणाशी आता रेती उपसतात, तळाला खड्डे पडलेत, हे मी मुद्दाम जाऊन पाहून आलो आहे. पाहिलं आणि घरी आलो.

या वर्षी माझ्या मुलाला, सारंगला, त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. परवा जेवताना खुशीत म्हणाला, "बाबा, रविवारी कन्हानले नेऊन राहिले. तुमचा पोरगा म्हणून पहिला नंबर माझा."

 आणि तेव्हा मी काय केलं असेल? खरं सांगितलं? मी आज, रविवारी सकाळी, घरी सत्यनारायण घातला. बायको म्हणाली, "असं अचानक काहून?" मी म्हटलं, नवस होता. यजमान म्हणून सारंगला पाटावर बसवलं. तो रुसून बसला. त्याच्याऐवजी त्याचा वर्गमित्र मंथन पहिला उतरणार होता. शांत पोरगा आहे, दोनदा आमच्याकडे जेवून गेला आहे. भाजी पुन्हा मागायला लाजतो.

गुरुजी कथा वाचत होते आणि मी मांडीखाली फोन दाबून बसलो होतो. आरतीच्या वेळी पैलतीरच्या ग्रुपवर फोटो आला. मी डोकी मोजली. सगळे होते. ओली, काकडलेली पोरं, हातात संत्रं — आता कळमन्याच्या फळबाजारातून पेटी आणून आधीच पलीकडे ठेवतात. फक्त मंथन कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. मान वळवून तो वळणाकडे बघत होता. त्याच्या पायाला पाण्याखाली काय जाणवलं, हे त्या फोटोत कोणालाच कळलं नसेल. मला कळलं. मी फोटोखाली अंगठा टाकला.

दुपारी सारंग म्हणाला, जे राहिले त्यांना पुढच्या रविवारी नेणार आहेत आणि आता कोणतीही पूजा असो, तो जाणार आहे. तेव्हा मी सांगितलं. दुसरी पूजा सुचली असती तर सांगितलं नसतं.

तो चिडेल, रडेल असं वाटलं होतं. त्यानं शिऱ्याची वाटी बाजूला सारली. मग त्यानं एवढंच विचारलं, "मंथनले काहून नाही सांगितलं?"

मी पूजेची ताटं आवरायला लागलो. "ग्रुपवर टाका बाबा," तो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

फोन समोर आहे. फोटोवर अजून अंगठे येताहेत. पुढच्या रविवारी जाणाऱ्या पोरांची नावं विनोदनं — ग्रुप अजून तोच चालवतो — आत्ताच टाकली आहेत, खाली विचारलं आहे, संस्थापक येणार ना?

मी अजून काही टाकलेलं नाही.