मालिकेतले बदललेले आजोबा

परवा कपाट आवरताना डीव्हीडीचा डबा हाती लागला, आणि त्या प्लास्टिकच्या वासानं एक दुपार आठवली. वडिलांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती; ओळखीचे चेहरे बघून काही आठवेल, म्हणून त्यांच्या आवडत्या विनोदी मालिकेचे शेवटचे भाग मी मेन रोडवरच्या दुकानातून आणले होते. टीव्हीतली माणसं हसत होती. मी मात्र अस्वस्थपणे वडिलांचाच चेहरा बघत होतो. या भागांत आजोबांचं काम दुसराच नट करत होता. वडील लगेच म्हणाले, "हे ते आजोबा नाहीत." मला केवढं हायसं वाटलं. मग शेजारी बसलेल्या आईकडे बघत त्यांनी मला हळूच विचारलं, "आणि ह्या बाई कोण?" मी उठलो, उगाच आवाज कमी केला, पुन्हा बसलो. आई म्हणाली, "मी नवीनच आलेय. चहा टाकू ना तुम्हाला?" आता विचारलं तर आई म्हणते, असं काही झालंच नव्हतं.