गेलेल्यांच्या नावाची घरं

आमचे शेजारी, एक म्हातारे आयरिश गृहस्थ, जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांनाच जास्त ओळखत असावेत. नावन शहराजवळचं आमचं हे आयरिश गाव कुणा इंग्रज जमीनदाराने वसवलं. एकच रस्ता आणि दोन्ही बाजूंना पट्टी लावून आखल्यासारखी दगडी घरं. जमीनदाराचं घराणं केव्हाच निघून गेलं, पण शेजाऱ्यांचा राग ताजा होता. "सगळी घरं सारखी, म्हणजे माणसं वेगळी दिसायला नकोत!" असं ते काल घडल्यासारखं सांगत. यावर गावाचा उपाय असा, की घर ओळखायचं ते आधी राहून गेलेल्या माणसाच्या नावाने. माझ्या मुलीने घेतलेलं घर म्हणजे 'पोस्टबाईंचं घर'. मी हौसेने दारावर आमच्या आडनावाची पाटी लावली, तेव्हा शेजारी ती बराच वेळ न्याहाळत राहिले. "छान आहे. पण घाई काय होती? नाव लागायला आधी जावं लागतं."

डब्लिनच्या मराठी मंडळींत मी त्यांची नक्कल करून पुष्कळ हशा मिळवला. मुलगी वैतागायची, "बाबा, पुण्यात पत्ता विचारणाऱ्याला तुम्ही तरी इतिहास ऐकवल्याशिवाय कधी सोडलंत का?" एक गोष्ट मात्र मी तिथे कधी सांगितली नाही, ती टोचत राहते. म्हणून आज सांगून टाकतो. पहिल्या हिवाळ्यात मी दाट धुक्यात घर चुकलो. भेटलेल्या बाईंना घराचा नंबर सांगितला, तर त्यांना तो काही कळेना. शेवटी 'पोस्टबाईंचं घर' एवढं तोंडून निघालं. "मग तसं सांगा ना!" म्हणत त्यांनी मला हाताला धरून दारात सोडलं.

पुढे शेजाऱ्यांचे गुडघे गेले. मुलगा त्यांना डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. निघण्याआधी त्यांनी मला काठी टेकत रस्ताभर फिरवलं, सगळ्या घरांची नावं माझ्याकडून म्हणून घेतली. "कुणी ही नावं घेतली नाहीत, तर नुसते दगड उरतील," म्हणाले.

परवा त्यांचा फोन आला. लिफ्ट ग्रँड, हीटिंग ग्रँड, सगळंच ग्रँड, म्हणजे तिथल्या बोलीत 'ठीक चाललंय'. मग म्हणाले, "इथे माझ्याआधी कोणीच राहिलेलं नाही हो. मी कुणाच्या घरात राहतोय, तेच कळत नाही."

मग मी रस्त्याच्या वरच्या टोकापासून एकेक घर सांगायला लागलो. एक नाव मुद्दाम चुकवलं. त्यांनी लगेच अडवलं.