सेलिनाताईंची घट्ट वेणी

शाळेतून फोन आला की सेलिनाताई उठून उभ्या राहायच्या. हाताला कणीक असो, तोंडात घास असो, फोनवरच्या टीचरना काही दिसत नाही हे ठाऊक असूनही या उभ्या. मी चिडवलं तर म्हणायच्या, "शाळेपुढे आपण मान खाली घालायची, वहिनी. खलास."

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. दोहाच्या फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या वसईच्या, हॉस्पिटलात नर्स. नवरा दूर रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टमध्ये, त्यामुळे लेकीचं, ग्लेनिसचं, सगळं यांच्याच अंगावर. रोज सकाळी दार उघडं ठेवून त्या तिची वेणी घालत, इतकी करकचून की पोरीच्या भुवया वर चढत. संध्याकाळपर्यंत ती वेणी हलायची नाही. मान हलली की "सरळ बस" म्हणून एक चापट बसे, आणि लगेच तोच हात केसांवरून फिरे.

ग्लेनिस आठ वर्षांची असताना नवऱ्याची कंपनी फी भरू लागली. मग तिला आमच्या मुलांच्या इंडियन स्कूलमधून काढून ब्रिटिश शाळेत घातलं. तिथे ना पहिला नंबर, ना पाठांतर. वह्यासुद्धा शाळेतच राहायच्या. पोरगी शिकते की नुसती खेळते, हेच ताईंना कळेना. पहिल्या पालकभेटीला त्या टीचरना म्हणाल्या की, लक्ष देत नसेल तर खुशाल दोन फटके द्या, आमची काही तक्रार नाही. इंग्रजीत काही चूक नव्हती. हॉस्पिटलात दिवसभर त्या तेच बोलायच्या. मी तर आमच्या शाळेत दरवर्षी हे म्हणत होते, आणि बाई हसून पुढच्या पालकांना बोलावत. त्यात मारायचं काही नसतंच. मूल तुमच्यावर सोपवलं, एवढंच सांगायचं असतं.

या टीचर हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. दोन दिवसांनी ग्लेनिसला वेगळं बसवून विचारलं, घरी कोणी मारतं का? पोर खरं बोलली. नवरा-बायकोला बोलावणं आलं, कागदांवर सह्या झाल्या. शाळेचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि रागही जात नाही.

परत आल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "मुलगी तुम्हाला आवडते का, असं विचारलं त्यांनी मला."

त्या दिवसापासून त्यांनी लेकीला हात लावणंच सोडलं. मारायला नाही आणि वेणी घालायलाही नाही. ग्लेनिस कंगवा घेऊन माझ्याकडे येऊ लागली. एकदा तिने हळूच विचारलं, "आंटी, इज मम्मी अँग्री विथ मी?" मी नाही म्हटलं आणि तिची वेणी घालू लागले. समोरच्या दारात ताई हात ओढणीत गुंडाळून उभ्या असत, शाळेचा फोन आल्यासारख्या. अशी दोन वर्षं गेली.

आम्ही दोहा सोडलं त्या सकाळी मी कंगवा ताईंच्या हातात ठेवला. "उद्यापासून कोण घालणार?" त्यांनी तो ओढणीला पुसला. मग शाळेत बोलत त्याच आवाजात त्यांनी लेकीला इंग्रजीत विचारलं, "मे आय?"

ग्लेनिस त्यांच्याकडे पाठ करून बसली. ताईंची बोटं भीत भीत चालली होती, एकही केस ओढला जाऊ नये अशी. आम्ही बॅगा घेऊन लिफ्टपाशी आलो तशी ती टाटा करायला धावत आली. लिफ्ट वर येईपर्यंत तिची वेणी सुटली होती.