रडतानाही गाता यावं म्हणून

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये गाडीला विंटर टायर्स लावून घेत होते, तेव्हा केनचा फोन आला. केन म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला जे चर्च होतं, तिथे वर्षानुवर्षं ऑर्गन वाजवणारे गृहस्थ. ते कधी फोन करत नाहीत, टेक्स्ट केला तरी दोन शब्दांचा. त्यामुळे नाव दिसताच मला काय ते कळलं. “हिल्डा गेली,” ते म्हणाले, “पहाटे, झोपेत.” मागे मेकॅनिकच्या यंत्राची घरघर चालू होती. मी विचारलं, “कोणाकोणाला कळवायचं राहिलंय? अर्धी नावं मला द्या.” अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही. हिल्डाबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, “चला, मेधाने कामं वाटली. आता जग बुडत नाही.”

हिल्डाबाई आमच्या शेजारीण. इंग्लंडच्या उत्तरेला एका मासेमारीच्या गावात जन्मलेल्या, नवऱ्याला इथल्या स्टील मिलमध्ये नोकरी लागली म्हणून तरुणपणी हॅमिल्टनला आलेल्या, आणि पुढे शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. आयुष्यभर त्या ख्रिस्ती भक्तिगीतं लिहीत आल्या. त्यातली काही चर्चच्या गीतसंग्रहात छापलेली आहेत. गाण्याखाली इतक्या बारीक अक्षरात नाव असतं की चष्मा काढून, पुस्तक नाकाशी धरून बघावं लागतं. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नुसतं ‘हिल्डा’ म्हणायचे आणि त्या मला ‘लव्ह’ म्हणायच्या, जसं त्या पोस्टमनलाही म्हणत. मनात मात्र माझ्यासाठी त्या कायम हिल्डाबाईच राहिल्या.

आमची खरी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. थँक्सगिव्हिंगच्या रविवारी आमच्या महाराष्ट्र मंडळाने गोळा केलेले डबाबंद पदार्थ मी त्या चर्चच्या फूड बँकेत पोचवायला गेले होते. प्रार्थना चालू होती, मधेच उठून जाणं बरं दिसेना, म्हणून मागच्या बाकावर बसले. सगळे गायला उभे राहिले तशी मीही राहिले. आणि गाणं सुरू झाल्यावर माझे हात आपोआप टाळ्या वाजवायला लागले. गणपतीसमोर आरतीला उभं राहायची सवय, दुसरं काय! एक-दोन माना वळल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे कोणीच टाळ्या वाजवत नाही. पण तोवर केन माझ्या ठेक्यावर आले होते आणि ते गाणं म्हणे त्या चर्चमध्ये कधी नव्हे इतक्या लवकर संपलं. मी मान खाली घालून घरी आले. दुसऱ्या दिवशी हिल्डाबाई मार्मलेडची बरणी घेऊन दारात हजर. “लव्ह, ते गाणं माझं होतं,” त्या म्हणाल्या. माझा चेहरा उतरला. “गेली तीस वर्षं ते लोक त्याची प्रेतयात्रा काढतायत. काल पहिल्यांदा ते चालताना दिसलं. तू आधी कुठे होतीस?”

त्यानंतर त्यांची कामाची पद्धत मी जवळून बघितली. आधी चाल, मग शब्द. तीही जुनी, सगळ्यांच्या ओठावरची. “आमच्यातले निम्मे लोक ऐंशीच्या पुढचे. त्यांना नवी चाल शिकवू कधी?” आपल्याकडे एका आरतीच्या चालीवर दुसरी आरती म्हणतात हे मी सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. ओळ सुचली की बोटांवर मात्रा मोजायच्या, आणि मग खरी परीक्षा. धुतलेल्या कपड्यांची बास्केट दोन्ही हातांत धरून बेसमेंटचा जिना चढत ती ओळ गायची. दम न लागता वरपर्यंत आली तर ओळ पास. नाहीतर बास्केट खाली, ओळ पुन्हा लिहा. माझा नवरा शिरीष म्हणायचा, “बाईंची लाँड्री कधी संपतच नाही का?” त्याला काय माहीत, कित्येकदा तेच कोरडे टॉवेल खाली-वर करत असायचे.

पुढे त्यांची फुप्फुसं थकली. नाकाला ऑक्सिजनची नळी आली, डॉक्टरांनी जिना बंद केला. शनिवारी त्यांचे कपडे धुवायचं काम मी माझ्याकडे घेतलं, आणि त्याच सुमारास चर्च बंद होणार असं ठरलं. माणसं उरली नव्हती, छप्पर गळत होतं; जागा विकली गेली, तिथे आता कॉन्डो, म्हणजे फ्लॅट्सची इमारत होणार. जूनमध्ये शेवटची प्रार्थना. तिच्यासाठी नवं गाणं हिल्डाबाईंनीच लिहावं, असं सगळ्यांना वाटत होतं. त्या हो म्हणाल्या, पण मी त्यांना इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “तुम्हाला काय अवघड आहे?” तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या अंत्यविधीची गोष्ट सांगितली. तिथे त्यांचंच गाणं ठेवलं होतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्यात एकेक आवाज गळत गेला आणि शेवटी नुसता ऑर्गन वाजत राहिला. “माझेच शब्द, आणि मलाच म्हणता आले नाहीत. लोक म्हणाले, किती हृदयस्पर्शी! कसलं हृदयस्पर्शी? गाणं मोडलं होतं. रडणाऱ्या माणसाला जास्त वेळा श्वास घ्यावा लागतो, आणि मी तो कुठे ठेवलाच नव्हता.” मग त्या म्हणाल्या, “जूनमध्ये सगळे रडणार आहेत, मेधा. या वेळी गाणं शेवटापर्यंत पोचलं पाहिजे.”

“मग जिना कोण चढणार?” मी विचारलं. त्यांनी नुसतं माझ्या हातातल्या बास्केटकडे पाहिलं. मी म्हटलं, “अहो, मी ख्रिश्चन नाही, आणि गळा तर मुळीच नाही.” “देवाचं मी बघते,” त्या म्हणाल्या, “तू श्वासाचं बघ.”

तेव्हापासून दर शनिवारी त्या जिन्याच्या वरच्या टोकाशी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बसायच्या आणि मी खालून कपडे घेऊन गात वर यायचे. हातात कागद धरणं शक्य नव्हतं, म्हणून त्या ओळ आधी म्हणून दाखवायच्या. बेसूर गाण्याबद्दल कधी बोलल्या नाहीत; मी कुठे थांबते तेवढंच बघायच्या. पहिली दोन कडवी वसंत सुरू व्हायच्या आत झाली. तिसऱ्यात मात्र अडलं. देवाने लावलेला दिवा आता आम्ही या दारातून बाहेर रस्त्यावरच्या अंधारात घेऊन निघालो आहोत, अशा अर्थाची लांबलचक, फार सुंदर ओळ होती. मी तीन-चारदा चढले आणि प्रत्येक वेळी ‘दार’ या शब्दाच्या आसपास माझा श्वास संपला.

“इथे दम लागतो,” मी सांगितलं.

“ही मी लिहिलेली सगळ्यात चांगली ओळ आहे.”

“असेल. पण इथे दम लागतो.”

“तुझी बास्केट जड असेल.”

“तुमचेच मोजे आहेत आत!”

त्या हसल्या नाहीत. “पुरे आजच्यापुरतं,” म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडे केलं. मी कपड्यांच्या घड्या घातल्या, चहाचं आधण ठेवलं आणि घरी आले. आठवडाभर फोन नाही. मला वाटलं, संपलं. जून तोंडावर, त्यांना चार वाक्यं सलग बोलवेनात, आणि मी त्यांच्या सगळ्यात लाडक्या ओळीवर बोट ठेवून बसले होते... पण खोटं सांगितलं असतं तर त्यांना माझा उपयोग तरी काय होता?

पुढच्या शनिवारी गेले तर खुर्ची जिन्याशी मांडलेली. “म्हण,” त्या म्हणाल्या, “दिवा हाती घेतला. दार ओढून घेतलं.” बस, एवढंच. मोठ्या ओळीची दोन छोटी वाक्यं झाली होती आणि मधे एक जागा. मी चढले. मधे श्वास घेतला. वर पोचले तेव्हा बोलायलाही दम शिल्लक होता. “सुंदर होती ती ओळ,” मी म्हटलं. “होती,” त्या म्हणाल्या. “आता चहा कर.”

जूनमधल्या त्या रविवारी चर्च भरलं होतं. हिल्डाबाई पुढच्या बाकावर सिलिंडरसकट बसल्या होत्या, शेजारी मी. त्या गायल्या नाहीत, गाणं शक्यच नव्हतं. फक्त एक हात माझ्या मनगटावर होता. दुसऱ्या कडव्यातच नाकं ओढल्याचे आवाज सुरू झाले. तिसरं आलं... दिवा हाती घेतला. आणि मग सगळ्या चर्चने एकदम घेतलेला श्वास मी कानांनी ऐकला. मनगटावरची बोटं घट्ट झाली. दार ओढून घेतलं. गाणं शेवटापर्यंत गेलं, ओल्या, फाटक्या आवाजांत, पण पूर्ण. हिल्डाबाईंनी डोळे मिटले आणि हलकेच म्हणाल्या, “पोचलं.”

त्यांचा अंत्यविधी दुसऱ्या भागातल्या एका चर्चमध्ये झाला, कारण त्यांचं स्वतःचं तेव्हा पत्र्याच्या कुंपणाआड होतं. केननी तेच गाणं ठेवलं. मी कामं वाटणारी बाई, सगळ्यांना कुठे बसायचं ते सांगत होते, सँडविचेस कधी आणायची ते ठरवत होते. मला काही होणार नाही अशी माझी खात्री होती. तिसऱ्या कडव्यात मला रडू आलं आणि मी अडले. ज्या जागी मी जिन्यावर तीन-चारदा अडले होते, नेमक्या त्याच जागी. आणि तिथे श्वास ठेवलेला होता. मी तो घेतला आणि पुढचं वाक्य म्हटलं.

ती खुर्ची आता आमच्या घरी आहे. इंग्लंडहून आलेल्या त्यांच्या भाच्याने, “यातलं तुला काही हवंय का?” असं विचारलं, तेव्हा मी तीच मागितली. ती बेसमेंटच्या जिन्याच्या वरच्या टोकाशी ठेवली आहे. रिकामीच असते, आणि वाटेत येते म्हणून शिरीष कुरकुरतो. काल कपडे वर आणताना मी निम्म्यात थांबले. “गुडघा का?” त्याने वरून विचारलं. मी मानेनेच ‘नाही’ म्हटलं, श्वास घेतला आणि पुढचं वाक्य म्हणत खुर्चीपर्यंत आले.