उम्म शौकीकडे राहिलेली ताटली

आमच्या अत्तारीनच्या गल्लीत इन्शिराहला नावाने हाक मारणारी आता मी, बहिय्या, एकटीच उरले आहे. बाकी सगळ्यांची ती उम्म शौकी. उम्म म्हणजे आई, शौकी तिचा मुलगा. तो कुवेतला असतो, ईदला फोन करतो आणि विचारतो, "आई, काय केलंयस आज?" ती म्हणते, "तुझ्याच आवडीचं रे." मग फोन ठेवते आणि कोपऱ्यावरून उकडलेले घेवडे अन् पाव घेऊन येते.

कारण उम्म शौकीला स्वयंपाक येत नाही. येत नाही म्हणजे अजिबात नाही. तिचा भात भांड्यातून उलटा केला तरी पडत नाही. पण ज्या दिवसांची ही हकिकत आहे, तेव्हा हे फक्त मला माहीत होतं, आणि तेही आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत आहे म्हणून. उरलेल्या गल्लीला ती सुगरण वाटायची. विशेषतः तिची बसबूसा. रव्याचा तो पाकातला केक आमच्याकडे कोण करत नाही? पण तिच्या घरून ताटली आली की माझ्या सुनासुद्धा गोड बोलायला लागत.

तो केक करायचा तिचा नवरा झकी. जहाजावर आचाऱ्याच्या हाताखाली होता, तिथे शिकला. घरी आला की दुपारी खिडक्या लावून घ्यायचा आणि रवा भाजायला बसायचा. खिडक्या का, तर बायकोसाठी रांधतो हे कळलं असतं, तर चहाच्या दुकानातल्या पुरुषांनी त्याला सोंगट्यांचा पट खेळू दिला नसता. म्हणून त्याने करायचं आणि हिने डोक्यावरचा रुमाल सारखा करून मिरवत वाटायचं. बायका कृती विचारायच्या. ही म्हणायची, "ते हातावर असतं गं." खोटं नव्हतंच ते. कुणाच्या हातावर, ते तेवढं सांगत नसे.

मग झकी गेला. वर्षभर तिच्याकडून कुठे काही गेलं नाही, तरी कुणी काही बोललं नाही. दुःखातल्या बाईकडून कोण अपेक्षा करतं? दुःखाचं वर्ष सरलं आणि नेमकं तेव्हाच एक परकं सरकार गल्लीत राहायला आलं.

आमच्या शहरात परक्या सरकारांना तोटा नाही. एक नाच शिकवतं, एक सिनेमे दाखवतं, एक कुंचल्याने अक्षरं काढायला शिकवून वर कॅलेंडर देतं. माझ्या लहानपणी परकी सरकारं बूट घालून यायची आणि आमची घरं घ्यायची. आता ती समूहगान घेऊन येतात आणि आमची मनं मागतात. मला विचाराल तर हे बरं. आवाज कमी होतो. अर्थात त्यांचं समूहगान ऐकेपर्यंत मी तसं म्हणत होते.

या सरकारचा देश लांब उत्तरेला, बर्फाचा. नाव सांगत नाही. भिडस्त माणसं आहेत, उगाच लाजतील. त्यांनी गल्लीच्या टोकाचा जुना बंगला घेऊन रंगवला, 'संस्कृती भवन' अशी पाटी लावली आणि मदाम लीना नावाची उंच, गोरी, सदा घाईतली बाई तिथे बसवली. आमची भाषा ती पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे शुक्रवारच्या प्रवचनासारखी बोलायची. भाजीवाल्याला म्हणायची, "हे सद्गृहस्थ, मज काही काकड्या प्रदान कराल काय?" तो बिचारा हात पुसून उभा राहायचा. आम्ही बोललो की मात्र तिला ओ की ठो कळत नसे. त्यासाठी तिने वहीद नावाचा कारकून ठेवला होता, आपल्यातलाच. गल्लीचं तिला सांगायचं आणि तिचं गल्लीला.

तर उद्घाटनाआधी मदाम लीनाने घरोघरी एकेक ताटली वाटली. पांढरी शुभ्र, काठाला निळे पक्षी, मधोमध त्यांच्या सरकारचं चिन्ह आणि वर आल्याची बिस्किटं. ताटलीसुद्धा भेट होती म्हणे. घरोघर भिंतीवर लागेल, पोरंबाळं येताजाता बघतील, मोठी झाली की त्या देशाबद्दल चार शब्द बरे बोलतील, असा त्यांच्या राजधानीतला बेत.

आता मला सांगा, शेजारणीने खाऊ पाठवला तर ताटली कोण ठेवून घेतं? आठवडाभरात सगळ्या ताटल्या धुऊन परत गेल्या. आणि रिकाम्या कशा जातील? माझीत द्राक्षाच्या पानांतला भात होता, समोरच्या उम्म हुस्नीच्या ताटलीत तर अख्खं भरलेलं कबूतर होतं.

मदाम लीना हबकली. "वहीद, हे लोक आमचं चिन्ह घरात ठेवत नाहीत! आम्ही यांना नकोसे आहोत का?"

वहीदने एका वाक्यात खरं सांगितलं असतं तर हे सगळं तिथेच मिटलं असतं. पण त्याच्या तोंडात उम्म हुस्नीचं कबूतर होतं. "लाजाळू आहेत मदाम," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवा."

पुढच्या महिन्यात पुन्हा गेल्या, पुन्हा भरून आल्या. त्याच्या पुढच्याही महिन्यात. वहीदच्या शर्टाची बटणं लागेनाशी झाली. मदाम लीना मात्र सुकत चालली. राजधानीला काय कळवायचं, की इतकी बिस्किटं वाटली तरी एका घराने आपल्याला जवळ केलं नाही?

एकच ताटली परत गेली नव्हती. पहिल्या वाटपातली, उम्म शौकीकडची.

ती तरी काय करणार? स्वतः काही करून पाठवावं तर वीस वर्षांचं नाव एका घासात जाणार. दुकानातलं पाठवावं तर आमच्या बायका पाकाच्या वासावरून दुकान ओळखतात. रोज ती ताटली काढायची, पुसायची, ठेवायची. मदाम लीना समोरून दिसली की दुसऱ्या जिन्यात शिरायची. आणि उम्म हुस्नी, जिला लोकांच्या घरातली भांडी स्वतःच्यापेक्षा जास्त पाठ, ती सज्ज्यातून भाजीची टोपली खाली सोडता सोडता मोठ्याने विचारायची, "काय गं उम्म शौकी, त्या परक्या बाईची ताटली फारच आवडलेली दिसते?"

एके सकाळी मदाम लीनाने तिला जिन्यातच गाठलं. दोन्ही हात धरून म्हणाली, "हे आदरणीय भगिनी! समस्त गल्लीत केवळ आपणच आमची ताटली जतन केलीत! आमच्या देशाहून एक थोर अधिकारी येत आहेत. गुरुवारी ते आपल्या गृही चहापान करतील."

ही तशीच माझ्याकडे आली आणि माझ्या खाटेवर कोसळली.

"ऐकलंस बहिय्या? जतन केलीत म्हणे! असा टोमणा उम्म हुस्नीला जन्मात जमला नसता. आणि वर सरकारी माणूस आणतेय ताटली वसूल करायला!"

"अगं, एका ताटलीसाठी कुणी राजधानीतून माणूस पाठवतं का?"

"मोठी सरकारं बारीक हिशेबाची असतात. त्याशिवाय मोठी होतात का?"

"मी करून देते बसबूसा. गपचूप भिंतीपलीकडून."

"तुझी?" रडता रडता तिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली. "तुझ्यात संत्र्याचा अर्क जास्त असतो. गल्लीतलं शेंबडं पोर ओळखेल. नको बाई. करीन मीच. झकीला इतकी वर्षं बघत होतेच ना."

बघत होती हे खरं. पण बघताना ती गप्पा मारत होती.

गुरुवारी सकाळपासून भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचे आवाज येत होते, मग धूर आला, मग काहीच नाही. दुपारी साहेब आले. ताडासारखे, खांदे पाडून चालणारे, दाराच्या चौकटीला डोकं लागल्यावर चौकटीचीच माफी मागणारे. मागून मदाम लीना, वहीद, आणि आमंत्रण नसलेल्या गल्लीतल्या यच्चयावत बायका. परकं सरकार कुणाच्या घरी येतंय म्हटल्यावर कोण घरात बसतं?

उम्म शौकी आतून आली. हातात तीच ताटली, तीवर बसबूसाचे तुकडे. कडा काळ्या, मधला भाग फरशीच्या रंगाचा. ती चालेल तसे ताटलीवर तुकडे खडखडत होते.

साहेबांनी एक उचलला आणि चावला. कट्ट. तो आवाज दारातल्या शेवटच्या बाईला ऐकू गेला. पण माणूस सरकारी नोकरीत उगाच चढला नव्हता. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. चघळत राहिले, गिळलं, काहीतरी बोलले आणि दुसरा तुकडा उचलला.

"उत्कृष्ट आहे म्हणतात," वहीद म्हणाला, आणि स्वतः काही घेतलं नाही.

बायकांनी मात्र घेतलं. खोलीभर नुसता दातांचा आवाज. मग उम्म हुस्नीने तोंडातला तुकडा तळहातावर काढला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "उम्म शौकी, वीस वर्षं आम्ही ज्या हातचं खाल्लं, तो हात हा नाही."

मी काही बोलायला तोंड उघडलं, पण इन्शिराहने मान हलवली.

"नाहीच," ती म्हणाली. "तो हात झकीचा होता. तो करायचा, मी वाटायची. मला साधा भात येत नाही. झालं समाधान?"

साहेबांनी वहीदकडे पाहिलं. वहीदने त्यांच्या भाषेत एवढंच सांगितलं, की त्या आपलं स्वागत करताहेत.

मला वाटलं, आता उम्म हुस्नी हिला सोलून काढते. पण ती मटकन खाली बसली.

"वीस वर्षं?" ती म्हणाली. "तो रांधायचा आणि नाव तुला द्यायचा? माझ्या माणसाला पाण्याचा माठ कुठे आहे ते अजून दाखवावं लागतं!"

"माझा तर अंडं उकडताना मला हाका मारतो," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि कधी कुणाला कळू दिलं नाहीस, चोरटे!"

"कळू दिलं असतं तर तुम्ही आपापल्या नवऱ्यांना जगू दिलं असतं का?" इन्शिराह म्हणाली, आणि मग रडायलाच लागली. उम्म हुस्नीने तिला जवळ ओढलं. साहेब गोंधळून उठून उभे राहिले आणि डोकं दिव्याला लागलं.

इन्शिराहने डोळे पुसले आणि ताटली, उरलेल्या तुकड्यांसकट, साहेबांच्या हातात दिली. "घ्या. तुमची होती. रिकामी देत नाहीये, एवढं तुमच्या सरकारला सांगा."

"नाही, नाही!" मदाम लीना पुढे झाली. "ताटलीही आपणास अर्पण होती, भगिनी! चिरंतन!"

"ताटलीसुद्धा?" सगळ्या एकदम ओरडल्या.

"ताटली कधी कुणी देतं का?" उम्म हुस्नी म्हणाली. "मग तीन महिने आम्ही भरून भरून परत का पाठवत होतो?"

मग सगळ्या माना वहीदकडे वळल्या. वहीद आपल्या शर्टाच्या बटणांकडे बघत होता.

मदाम लीनाला सगळं समजायला वेळ लागला. समजल्यावर ती आधी लाल झाली, मग इतकी हसली की प्रवचनी भाषाच विसरली. तिची गल्ली तीन महिने तिला जेवू घालत होती आणि ती राजधानीला कळवत होती की लोक थंड आहेत.

साहेब ताटली परत देऊ लागले, पण इन्शिराह ऐकेना. दिलेलं ती परत घेत नाही. ते विमानात ती मांडीवर घेऊन गेले म्हणे. आता ताटली तिची ठरल्यामुळे गल्लीच्या हिशेबाने ते सरकार इन्शिराहला एक भरलेली ताटली देणं लागतं, आणि मदाम लीना भेटली की ती चौकशी करते, "काय गं पोरी, तुमच्याकडून काही आलं का?" ताटल्या थांबल्यामुळे लुकडा झालेला वहीद म्हणतो, वर कळवलंय. आता उम्म शौकी कुठल्याही जिन्यात लपत नाही. उलट दर शुक्रवारी कुणाच्या तरी दारात उभी असते, बसबूसाची ताटली घेऊन, डोक्यावरचा रुमाल सारखा करून. उम्म हुस्नी तिला शिकवते आहे. अजून काही जमलेलं नाही. आम्ही चहात बुडवून खातो.